छोट्या ट्रॅक्टरला ट्रॉली करताय? आधी तिचं रिकामं वजन विचारा



पोळा झाला. टोमॅटोचे तोडे चालू आहेत, ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे. गेल्या पंधरा दिवसांत सात-आठ जणांनी मला एकच प्रश्न विचारला, आणि तो करप्याचा नाही की डाऊनीचा नाही. "मिनी ट्रॅक्टर घेतलाय, आता ट्रॉली कशी करू?" एकेकाला फोनवर सांगताना अर्धा-अर्धा तास गेला. म्हणून आज फवारणीच्या सल्ल्याच्या जागी हा लांब मेसेज पाठवतोय. एका बैठकीत वाचून झाला नाही तर स्टार करून ठेवा, पण वर्कशॉपला इसार देण्याआधी वाचाच.

मी काही इंजिनिअर नाही, कृषी पदविका केलेला माणूस आहे. तरी या विषयावर एवढं लिहितोय, कारण आमच्या घरची पहिली ट्रॉली मीच पसंत केली होती. आणि ती चुकली.

चार वर्षांपूर्वी आम्ही २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेतला. बागेत चालायला चांगला, डिझेलला हलका. ट्रॉलीसाठी मात्र पैसे उरले नव्हते. शेजारच्या गावात मोठ्या ट्रॅक्टरची एक जुनी दोन चाकी ट्रॉली विकायला होती. मी बघून आलो आणि आण्णांना म्हणालो, "लोखंड बघा केवढं आहे, पुन्हा असं कोणी बनवून देणार नाही." लोखंड खरंच भरपूर होतं. तिचं वजन किती, हे ना मी विचारलं ना विकणाऱ्याने सांगितलं. पुढे काट्यावर नेली तेव्हा रिकामी ७२० किलो भरली. आमचा ट्रॅक्टर होता साधारण ८०० किलोचा.

दोन वर्षं काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी याच दिवसांत, पहाटेचा पाऊस पडून गेलेला, आण्णा ४५ क्रेट टोमॅटो घेऊन पाटाच्या उतारावरून रस्त्याकडे निघाले. उतार फार मोठा नव्हता, दहा फुटाला एक फूट असेल. उतारावर त्यांनी क्लच दाबला आणि ब्रेक मारला. दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी बागेत वळायला सोयीची म्हणून काढलेली होती, पाय एकाच पेडलवर पडला. एक चाक धरलं, ट्रॅक्टर त्या बाजूला वळला, आणि मागून ट्रॉलीने ढकलत ढकलत त्याला आडवा केला. क्रेट सगळे पाटात गेले. आण्णांच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. आता चालतात, मोटारसायकलही चालवतात, पण पाटावर बसून जेवत नाहीत. खुर्ची लागते.

पुढे लिहिलंय ते नंतर शिकलेलं आहे. आधी शिकायला हवं होतं.

ट्रॉली ओढायची ताकद आणि थांबवायची ताकद

आपण ट्रॅक्टर घेताना एचपी विचारतो आणि ट्रॉली घेताना "किती टनाची?" असं विचारतो. दोन्ही प्रश्न ओढण्याचे आहेत. खालच्या गिअरमध्ये छोटा ट्रॅक्टरही बरंच ओढतो, त्यामुळे आपल्याला वाटतं जमतंय. खरा प्रश्न उतारावर येतो. बहुतेक छोट्या ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणजे सगळं ओझं थांबवायचं काम ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी करायचं.

आण्णांच्या त्या दिवसाचा हिशोबच मांडून दाखवतो. ट्रॅक्टर ८०० आणि माणूस ७०, झाले ८७०. ट्रॉली ७२०. टोमॅटोचा क्रेट रिकाम्या क्रेटसकट २२ किलो धरला तर ४५ क्रेटचे ९९० किलो. एकूण २,५८०. दहाला एक असा उतार असला की एकूण वजनाचा दहावा हिस्सा तुम्हाला खाली ओढत असतो, म्हणजे २५८ किलो. आता धरून ठेवणारी बाजू बघा. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर त्याचं स्वतःचं, माणसाचं आणि ट्रॉलीच्या दांडीचं मिळून सुमारे ७०० किलो वजन होतं. कोरड्या मुरमावर टायरची पकड त्या वजनाच्या निम्मी धरा, ३५० किलो. कोरड्या दिवशी निभावलं ते यामुळे. ओल्या, चिकट मातीवर पकड तिसऱ्या हिश्शावर येते, म्हणजे २३५ च्या आसपास. ओढणारे २५८, धरणारे २३५. ब्रेक कितीही चांगले असले तरी चाकं जागेवर धरून ट्रॅक्टर घसरणारच होता.

ब्रेक नसलेल्या ट्रॉलीसाठी साधा ठोकताळा असा आहे: भरलेली ट्रॉली, म्हणजे लोखंड आणि माल मिळून, ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीच्या वर जाऊ नये. तेही सपाट रस्त्यावर आणि हळू चालवताना. चढ-उताराच्या शिवारात त्याहून कमी. ट्रॅक्टरचं वजन त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. आपल्याकडचे बहुतेक मिनी ट्रॅक्टर ६०० ते ९०० किलोच्या दरम्यान आहेत.

८०० किलोच्या ट्रॅक्टरला दीडपट म्हणजे १,२०० किलो. आता ट्रॉली ३५० किलोची असेल तर माल बसतो ८५० किलो, म्हणजे ३८ क्रेट. ट्रॉली ६०० किलोची असेल तर माल ६०० किलो, २७ क्रेट. दर खेपेला ११ क्रेटचा फरक, आणि तो जन्मभराचा. आमची ७२० किलोची होती. तिच्यात हिशोबाने २१ क्रेट भरायचे, आम्ही ४५ भरत होतो आणि स्वतःला हुशार समजत होतो.

म्हणून म्हणतो, दणकट ट्रॉली मागू नका, हलकी आणि नीट बांधलेली मागा. वर्कशॉपवाल्याला पहिला प्रश्न विचारा की रिकामी किती किलो भरेल. काही ठिकाणी किलोवर दर सांगतात. तिथे जास्त सावध राहा, कारण लोखंड वाढलं की बिल त्याचं वाढतं आणि भुर्दंड आयुष्यभर तुम्ही ओढता. ट्रॉली ताब्यात घेताना भुईकाट्यावरून काढा. काट्याचे जे काही पैसे लागतील ते लागू द्या.

वजन कुठे जातं ते बघू

मिनी ट्रॅक्टरसाठी ७ फूट लांब, ४ फूट रुंद आणि दीड फूट फाळके, हे माप मला सगळ्यात सोयीचं वाटतं. नऊ फुटी ओळीतल्या द्राक्षबागेत 'वाय'चे हात आणि लोंबणाऱ्या काड्या सोडल्या तर पाच फुटी ट्रॉली काड्या ओरबाडतच जाते. डाळिंबाच्या १४ किंवा १५ फुटी ओळीत पाच फूट चालेल. पण ट्रॉली एकच करायची असेल तर चार फुटीच करा.

लोखंडाचा पत्रा १ मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे ७.८५ किलो भरतो. हा एक आकडा पाठ करा, मग कोणी फसवू शकणार नाही. ७ × ४ चा तळ २.६ चौरस मीटर होतो. ३ मिलिमीटरचा पत्रा टाकला तर ६१ किलो. ५ मिलिमीटरचा टाकला तर १०२. फक्त तळातच ४१ किलो वाढले, म्हणजे जवळपास दोन क्रेट. "खाली पाचचाच टाका, सडणार नाही" असं सगळे सांगतात. तळ सडतो तो ओलं शेणखत आणि खताची सांडलेली पोती धुवून न काढल्यामुळे. ३ चा पत्रा टाका, खालून दीड-दीड फुटावर अँगलचे आडवे पट्टे द्या, आणि हंगाम संपल्यावर धुवून एक हात प्रायमर मारा.

फाळक्यांना २ मिलिमीटर पुरे. चारही बाजूंचे मिळून ४८ किलो होतात. मधे एक घडी म्हणजे बेंड मारून घेतली की पत्रा वाकत नाही. सांगाड्याला ३ इंची चॅनेल पुरतो, मीटरला ७ किलोच्या आसपास भरतो. सांगाडा आणि दांडी मिळून बारा मीटर, म्हणजे ८५ किलो. आख, हब, चाकं यांचे १२० धरा, किरकोळ अँगल ३०. बेरीज साडेतीनशेच्या आत येते. कोणी याच मापाची ट्रॉली ५०० किलोची करून देत असेल तर ते दीडशे किलो कुठे गेले ते विचारा.

फक्त क्रेटच वाहायचे असतील तर फाळक्याच्या जागी जाळी चालते, वजन आणखी उतरतं. पण मग शेणखत नेता येणार नाही. आपल्यातले बहुतेक जण दोन्ही नेतात, तेव्हा पत्राच बरा.

या हौद्यात ४२ घनफूट माल मावतो. कांदा काठोकाठ भरला तर सुमारे ७०० किलो होतो, चालतंय. शेणखत ओलं असेल तर थोडं जास्त, तरी चालतंय. वाळू काठोकाठ भरली तर १,९०० किलो! तीच ट्रॉली, तेवढाच हौदा. डोळ्याला भरलेली दिसते म्हणून मनाला पटतं, पण आखाला वाळू आणि कांदा सारखा नसतो. वाळू-मुरूम आणायचा तर हौद्याच्या निम्म्याच्याही खाली रेघ मारून ठेवा आणि त्या रेघेच्या वर भरू देऊ नका. गडी नेहमी भरणारच, रेघ असली की बोलायला जागा राहते.

आख कुठे बसवायचा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण वर्कशॉपमध्ये बरेच जण डोळ्याच्या अंदाजाने आख मधोमध लावतात. दोन चाकी ट्रॉलीचा आख मधोमध नको, थोडा मागे हवा. म्हणजे मालाचा थोडा भार दांडीतून ट्रॅक्टरवर येतो आणि मागची चाकं जमीन धरतात. किती? भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा.

हा भार कमी पडला की ट्रॉली मागे झुकते, दांडी ट्रॅक्टरला वर उचलते, चढावर चाकं फिरतात आणि सरळ रस्त्यावर ट्रॉली शेपटीसारखी हलते. जास्त झाला की ट्रॅक्टरचं पुढचं टोक हलकं होतं आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. मिनी ट्रॅक्टरचं नाक मुळातच हलकं असतं, त्यामुळे दोन्हीकडून जपावं लागतं.

७ फुटी हौद्याला, दांडीचं भोक हौद्याच्या ४ फूट पुढे असेल, तर आख हौद्याच्या पुढच्या कडेपासून सव्वाचार ते साडेचार फुटांवर घ्या. त्यात सारखा पसरलेला माल असेल तर ९ ते १२ टक्के भार दांडीवर येतो. मधोमध, म्हणजे साडेतीन फुटांवर लावला तर काहीच येत नाही.

घरी तपासायची पद्धत सोपी आहे. द्राक्ष किंवा कांदा मोजायचा आपला प्लॅटफॉर्म काटा असतो ना, तो सपाट जागेवर ठेवा, त्यावर ओंडका उभा करा, आणि ट्रॉली नेहमीसारखी भरून दांडी त्या ओंडक्यावर टेकवा. दांडी ट्रॅक्टरला जेवढ्या उंचीवर लागते तेवढ्याच उंचीवर हवी. चाकांना पुढून-मागून दगड लावूनच हे करा. काटा ८० ते १२० किलो दाखवत असेल तर हजार-बाराशे किलोच्या भरलेल्या ट्रॉलीसाठी ठीक आहे. आमच्या जुन्या ट्रॉलीचं हे मी अपघातानंतर केलं. इतकं सोपं होतं की स्वतःचाच राग आला.

आणि माल उतरवताना मागून सुरुवात करा. पुढचे क्रेट आधी काढले की ट्रॉली मागे बसते आणि दांडी उसळते. ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडून उतरवत असाल तर पुढे आणि मागे दोन्हीकडे स्टँड लावल्याशिवाय कोणाला वर चढू देऊ नका, लेकरांना तर नाहीच.

चार चाकी ट्रॉलीबद्दल दोनच ओळी. ती स्वतःचं वजन स्वतः पेलते, त्यामुळे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर भार येत नाही, पकड वाढत नाही, आणि बागेत मागे घेताना घाम निघतो. मिनी ट्रॅक्टरला माझं मत दोन चाकीलाच आहे.

हूक, पिन आणि ती पट्टी

दांडी ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच लावायची. टॉप लिंकच्या जागी किंवा वर कुठे साखळी-हूक अडकवून ओढू नका. ओढ मागच्या आखाच्या उंचीच्या वर गेली की जोर लागताना ट्रॅक्टरचं नाक उचलतं आणि तो मागे उलटतो. उलटायला लागल्यावर उडी मारायला वेळ मिळत नाही.

पिन म्हणजे जाड खिळा किंवा सळईचा तुकडा नव्हे. डोकं असलेली, खाली लॉकची क्लिप असलेली पिन घ्या. दांडीपासून ट्रॅक्टरला एक साखळी वेगळी बांधा, पिन निसटली तरी ट्रॉली सुटून जाणार नाही.

आता ती पट्टी. बागेत एका ब्रेकवर वळायला पट्टी काढतात, बरोबर आहे, त्यासाठीच ती दिलेली असते. पण बागेच्या बाहेर पडताना, ट्रॉली जोडलेली असताना, पट्टी लावलीच पाहिजे. आमच्याकडे आता ट्रॉलीची पिन आणि पट्टीची किल्ली एकाच दोरीला बांधलेली आहे. पिन घ्यायला गेलं की पट्टीची आठवण होते. तुम्ही तुमची युक्ती काढा.

उतार लागायच्या आधीच गिअर खाली घ्या. ज्या गिअरमध्ये तो उतार चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. मधे क्लच दाबायचा नाही, डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं तर अजिबात नाही. इंजिन धरून ठेवतं तेवढं दुसरं काही धरत नाही. वेगाचंही लक्षात ठेवा: वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं.

तुमचं शेत डोंगराच्या अंगाला असेल, चांदवडकडच्या किंवा सुरगाण्याकडच्या सभासदांसारखं, तर दोन पैसे जास्त देऊन ट्रॉलीलाच ब्रेक बसवून घ्या. ट्रॉली पुढे ढकलायला लागली की दांडीच्या दाबाने आपोआप लागणारा ब्रेक मिळतो. तो नसेल तर निदान उभी करताना लागणारा हँडब्रेक आणि दोन लाकडी गुटके तरी हवेतच.

टायर आणि तुमची जमीन

हा माझ्या विषयाचा भाग, म्हणून जरा थांबतो. छोट्या ट्रॉलीला जीपचे जुने ६.००-१६ टायर लावायची पद्धत आहे. टायर अरुंद असतो आणि हवा भरपूर भरावी लागते. टायरमध्ये जेवढा हवेचा दाब, साधारण तेवढाच दाब तो वरच्या मातीवर टाकतो. छाटणीनंतर काळी जमीन ओली असताना त्याच त्या चाकोरीतून शेणखताच्या वीस खेपा झाल्या की माती दाबून विटेसारखी होते. मग एप्रिलमध्ये तुम्ही मला फोन करता की पांढरी मुळी चालत नाही, ह्युमिक देऊ का. ह्युमिक द्या, पण चाकोरीतली माती बोटाने उकरून बघा.

म्हणून बागेतल्या ट्रॉलीला शक्य तेवढा रुंद टायर, आणि टायरवर लिहिलेल्या वजनाच्या मर्यादेत राहून शक्य तेवढी कमी हवा. ती मर्यादा टायरच्या बाजूवर छापलेली असते. दोन टायरची बेरीज भरलेल्या ट्रॉलीच्या वजनापेक्षा जास्त हवी. आणि पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस थांबता आलं तर थांबा. टोमॅटोला थांबता येत नाही हे मलाही कळतं, पण शेणखताला येतं.

हायड्रॉलिक पाहिजे का?

खत आणि माती जास्त वाहणाऱ्यांना मोह होतो. दोन गोष्टी बघा. जॅक उचलताना ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकचं तेल वापरतो. मिनी ट्रॅक्टरमध्ये तेल मुळात थोडं असतं, जॅक मोठा असेल तर पातळी खाली जाते. दुसरं, जॅक, पाइप आणि दुहेरी सांगाडा मिळून ट्रॉलीचं वजन चांगलंच वाढतं, आणि वर केलेला हासगाचा सगळा हिशोब बिघडतो. क्रेट वाहणाऱ्याला त्याची गरज नाही. घेतलीच तर सपाट जागेवरच उचला. एक चाक बांधावर आणि हौदा वर, असं केलं की ट्रॉली आडवी.

मिनी ट्रॅक्टरच ट्रॉलीवर न्यायचा असेल तर

आपल्या अवजार बँकेचा छोटा ट्रॅक्टर गावोगाव न्यावा लागतो, आणि काही सभासद आपल्या ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला ट्रॉली लावून तो घेऊन जातात. पॉवर वीडर वगैरे शंभर किलोची यंत्रं वरच्या ७ फुटी ट्रॉलीत आरामात जातात. मिनी ट्रॅक्टर आठ फुटांच्या आसपास लांब असतो, त्याला दहा फुटी ट्रॉली लागते आणि ओढायला मोठाच ट्रॅक्टर लागतो. इथेही ट्रॉली जेवढी हलकी तेवढं बरं, कारण वर चढवलेलं ओझं उंच असतं आणि वळणावर झोल जातो.

चढवायला पट्ट्या दहा फुटी घ्या. ट्रॉलीचा तळ अडीच फूट उंच असेल तर आठ फुटी पट्टीवर चढ अठरा अंशाचा होतो, दहा फुटीवर साडेचौदा. ऐकायला फरक छोटा वाटतो, चढवणाऱ्याला विचारा. पट्टी ट्रॉलीला हूकने अडकलेली हवी, नुसती टेकवलेली नको, नाहीतर चाक फिरताना ती मागे सरकते. ट्रॉली मोठ्या ट्रॅक्टरला जोडलेली असू द्या आणि तिच्या चाकांना गुटके लावा.

मिनी ट्रॅक्टर उलटा चढवा, म्हणजे रिव्हर्समध्ये. तोंड वरती करून चढवला तर नाक उचलून मागे उलटायची भीती असते. उलटा चढवल्याचा आणखी एक फायदा: ट्रॅक्टरचं जड टोक मागचं असतं, ते ट्रॉलीत पुढच्या बाजूला येतं, आणि दांडीवर हवा तेवढा भार आपोआप मिळतो. मग गिअरमध्ये टाका, पार्किंग ब्रेक लावा, किल्ली काढा आणि चारही कोपऱ्यांतून बांधा. दोर नको, साखळी किंवा ओढून घट्ट होणारा रॅचेट पट्टा. बांधायचं ते फ्रेमला किंवा आखाला, स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा बोनेटला नाही. एक-दोन किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा ओढा, ते ढिले होतातच. आणि नेताना मिनी ट्रॅक्टरच्या सीटवर कोणी बसायचं नाही. हसू नका, बसलेले मी पाहिले आहेत.

जुनी ट्रॉली घेत असाल तर

चाक जॅकवर उचलून हाताने हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलंय. टायर आतल्या बाजूने जास्त झिजला असेल तर आख वाकलेला आहे, भाव करत बसू नका, निघून या. दांडी जिथे सांगाड्याला जोडली आहे तिथला रंग खरवडून बघा. पहिली चीर तिथेच पडते, आणि विकणारा नवा रंग पहिला तिथेच मारतो.

कागदपत्रं

ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते. पासिंग करून देणार का आणि कागद कोण देणार, हे वर्कशॉपला इसार देण्याआधी विचारा. ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉली आपोआप येत नाही, पॉलिसीवर तिची वेगळी नोंद करून वाढीव हप्ता भरावा लागतो. आमची तशी नोंद नव्हती. क्रेटचे तर गेलेच, ट्रॉलीचाही रुपया मिळाला नाही. ट्रॉलीत माणसं बसवून नेली आणि काही झालं तर विमा कंपनी दावा नाकारते, मग भरपाई मालकाच्या सातबाऱ्यावर येते. मजुरांना वेगळी गाडी करा. कृषी विभागाच्या योजनेतून कुठलंही अवजार घेणार असाल तर महाडीबीटीवर पूर्वसंमती येण्याआधी बिल करू नका, आधी घेतलेल्याचं अनुदान मिळत नाही.

मागच्या फाळक्यावर लाल रिफ्लेक्टर पट्टी दोन्ही कडांपर्यंत लावा. पिंपळगाव किंवा लासलगावला पहाटे अंधारात जाताना मागच्याला आधी तीच दिसते. चिखलाने झाकली असेल तर निघायच्या आधी पुसा.

आम्ही नवी ट्रॉली गेल्या वर्षी करून घेतली, ७ × ४, रिकामी ३६२ किलो. मी ३५० सांगितली होती, वर्कशॉपवाल्याने मागे एक जास्तीचा अँगल मारला, "राहू द्या, कामाला येईल" म्हणून. ३६ क्रेट भरतो, त्याच्या वर नाही. जास्त माल असला की दुसरी खेप. आण्णा कुरकुर करतात, पण पट्टी लावली का ते दर वेळी तेच विचारतात.

ज्यांना ट्रॉली करायची आहे त्यांनी इसार देण्याआधी मला या नंबरवर तीन गोष्टी पाठवा: ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतल्या वजनाच्या पानाचा फोटो, वर्कशॉपवाल्याने कागदावर काढलेलं माप, आणि शेतातून रस्त्याला लागेपर्यंतच्या सगळ्यात मोठ्या उताराचा फोटो. फोन नको, फोटोच पाठवा, संध्याकाळी सातनंतर बघून हिशोब करून पाठवतो. दिवाळीआधी वर्कशॉपमध्ये गर्दी होते, त्यामुळे या आठवड्यात पाठवलेलं बरं.

उद्या सकाळी नेहमीचा फवारणी सल्ला येईल.

— आपला कृषी सल्लागार